पोथीची रात्र आणि साक्षरतेचा समारंभ

1959 साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोनच वर्षांत ती सगळ्या महाराष्ट्रात पोचली. चौदा ते पन्नास वयाच्या निरक्षरांना गावातलेच शिक्षक रात्री अक्षरओळख करून देत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. एवढे मोठे काम गावाने स्वतःच्या बळावर उचलले, याचे मोल कमी लेखू नये. तरीही शिकलेले पुष्कळजण पुढे अक्षरे विसरले. माझ्या मते दोष शिकवण्यात नव्हता. समारंभानंतर पुन्हा एकत्र बसायला निमित्तच उरले नाही, हे खरे कारण. अशा निमित्ताची गावाला जुनी सवय होती. चातुर्मासात जेवणे उरकली की देवळात पोथी लागे. रुमालात बांधलेली पोथी पाटावर सोडायची, एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ काही महिने चाले आणि पुढल्या वर्षी पुन्हा लागे. त्यामुळे ऐकलेले विसरायला सवडच मिळत नसे.

यावर पहिला आक्षेप असा, की या देवळाचे दार सगळ्यांना उघडे नव्हते. तो शंभर टक्के खरा आहे, आणि गावगाड्याच्या गोडव्यात तो झाकून टाकणे अन्यायाचे होईल. जोतीराव फुल्यांनी 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती स्वतःच्या घरात. मात्र 1873 साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या पुढच्या कार्यकर्त्यांनी जलसे उभे केले, तेव्हा तमाशाचा ओळखीचा साचाच हाती घेतला आणि त्यात भटशाही, सावकारी, शिक्षण हे विषय भरले. गाडगेबाबांनी कीर्तनाचे तेच केले. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न विचारायचे: कर्ज, दारू, नवससायास, पोरांची शाळा. उत्तर श्रोत्यांनीच मोठ्याने द्यायचे. बाबा स्वतः शाळेत गेलेले नव्हते. म्हणजे दार बंद करणारी माणसे होती, एकत्र बसून शिकण्याची रीत नव्हे. ती रीत दुसऱ्यांच्या हातात गेली तेव्हा नेमकी उलट्या बाजूने कामाला आली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: ऐकून शहाणपण येईल, पण सातबारा वाचता येईल का? नाही येणार. अक्षराला पर्याय नाही आणि फुल्यांचा सगळा आग्रह त्यासाठीच होता. पण प्रौढ माणूस अक्षर कशाच्या आधाराने धरतो, हेही पाहायला हवे. ज्याच्या कानात शेकडो ओव्या आहेत, त्याला पानावरचे निम्मे शब्द आधीच ठाऊक असतात. बोट ओळीवरून सरकते तेव्हा पुढचा शब्द ओठांवर तयार असतो. अडखळला तर शेजारचा सांगतो, कारण त्यालाही ती ओवी पाठ असते.