दूरचित्रवाणीवरील बाजारवार्ता

शेअर बाजाराचे व्यवहार चालू असतानाच भावांतील चढउतार, कंपन्यांच्या घडामोडी व तज्ज्ञांची मते यांचे दिवसभर प्रक्षेपण करणारा दूरचित्रवाणी-कार्यक्रमांचा एक प्रकार. वृत्तपत्रातील बाजारभावाचे पान दुसऱ्या दिवशी वाचकाच्या हाती पडते, तेव्हा त्यातील भाव शिळे झालेले असतात. दिवसा चालणारी बाजारवार्ता ऐकणारा मात्र त्याच क्षणी खरेदी-विक्री करू शकतो व त्याच्या कृतीने तोच भाव बदलतो. म्हणून या कार्यक्रमांचा विचार केवळ वृत्तप्रसाराचे एक साधन म्हणून करणे पुरेसे होत नाही.

बाजारातील भाव दूरवर तत्काळ पोहोचविण्याची सोय या कार्यक्रमांपूर्वी पुष्कळ आधी झाली होती. एडवर्ड कॅलहन याने १८६७ मध्ये न्यूयॉर्क येथे तारायंत्राच्या तत्त्वावरील टिकर यंत्र प्रचारात आणले व पुढे टॉमस एडिसनने त्यात सुधारणा केल्या. यंत्रातून कागदी फितीवर छापून येणारे भाव दलालांच्या कचेऱ्यांत वाचले जात. ही फीत सामान्य माणसाच्या घरी नसे. १९६० नंतरच्या दशकात लॉस अँजेल्स येथील एका स्थानिक केंद्राने बाजाराच्या वेळात भाव दाखविण्यास प्रारंभ केला. १९७० मध्ये सुरू झालेला लुई रुकायझर यांचा ‘वॉल स्ट्रीट वीक’ हा कार्यक्रम लोकप्रिय झाला. परंतु तो शुक्रवारी सायंकाळी, आठवड्याचे व्यवहार आटोपल्यानंतर होई. प्रेक्षकाला विचार करण्यास शनिवार-रविवार मिळत. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण नंतरच्या कार्यक्रमांशी तुलना करता तिचे महत्त्व ध्यानात येते.

बाजाराच्या वेळात सलग वृत्त देणारी पहिली राष्ट्रव्यापी वाहिनी म्हणजे ‘फायनान्शियल न्यूज नेटवर्क’. ती ३० नोव्हेंबर १९८१ रोजी सुरू झाली. पडद्याच्या तळाशी सरकणारी भावपट्टी हे तिचे वैशिष्ट्य. जुनी कागदी फीतच जणू घरातील पडद्यावर आली. तथापि हे भाव काही मिनिटे उशिराचे असत. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक ५०८ अंशांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी कोसळला. घसरण चालू असतानाच ती घरबसल्या पाहण्याची सोय अशा वाहिनीमुळे झाली होती. १७ एप्रिल १९८९ रोजी ‘सीएनबीसी’ ही प्रतिस्पर्धी वाहिनी निघाली व १९९१ मध्ये तिने आर्थिक अडचणीत सापडलेली जुनी वाहिनी विकत घेतली.

१९९५ मध्ये सीएनबीसीने ‘स्क्वॉक बॉक्स’ हा सकाळचा कार्यक्रम मार्क हेन्स यांच्या निवेदनाने सुरू केला. त्याच वर्षी मारिया बार्टिरोमो न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या प्रत्यक्ष सौद्यांच्या जागेवरून दररोज वृत्तांत देऊ लागल्या. कार्यक्रमाचे नाव अर्थपूर्ण आहे. दलाली पेढ्यांत विश्लेषकांची मते आपल्या दलालांना ऐकविण्यासाठी जो ध्वनिक्षेपक असे, त्याला स्क्वॉक बॉक्स म्हणत. पेढीचा विश्लेषक एखाद्या शेअरबद्दल मत बदलतो, ते प्रथम दलालांना व त्यांच्याकडून मोठ्या ग्राहकांना कळे. छोट्या गुंतवणूकदाराच्या कानी ते बऱ्याच उशिरा येई. आता तेच मत सर्वांना एकाच वेळी ऐकू येऊ लागले. या वाहिन्यांचे हे श्रेय नाकारता येणार नाही.

एकाच वेळी ऐकू येणे म्हणजे एकाच वेळी लाभ होणे मात्र नव्हे. जेफ्री बुसी व क्लिफ्टन ग्रीन या अभ्यासकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सीएनबीसीवरील दुपारपर्यंतच्या दोन सदरांत उल्लेखिलेल्या शेअरांच्या भावांचे क्षणाक्षणाने निरीक्षण केले. अनुकूल मताचा परिणाम एका मिनिटाच्या आत भावात उतरतो, प्रतिकूल मताचा परिणाम उतरण्यास सु. १५ मिनिटे लागतात आणि पहिल्या १५ सेकंदांत सौदा करणाऱ्यासच अल्पसा फायदा संभवतो, असे त्यांना आढळले. दलालास दूरध्वनी करण्यासाठी उठणाऱ्या गृहस्थाच्या पदरी काय पडत असेल, हे यावरून कळून येते.

तंत्रज्ञान-कंपन्यांच्या तेजीत या वाहिन्यांचा प्रभाव शिगेला पोहोचला. नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८.६२ वर बंद झाला व ९ ऑक्टोबर २००२ रोजी तो १,११४.११ पर्यंत उतरला. पडद्यावर नित्य झळकणारे काही विश्लेषक ज्यांची भलावण करीत, त्याच कंपन्यांकडून त्यांच्या पेढ्यांना शुल्क मिळत असे. २००३ मध्ये दहा मोठ्या पेढ्यांनी सु. १४० कोटी डॉलर भरून नियंत्रकांशी तडजोड केली. तज्ज्ञाने आपले हितसंबंध प्रेक्षकांसमोर उघड करण्याचा आग्रह त्यानंतर वाढला. वाहिन्यांनी तेजीला खतपाणी घातले हे खरे. पण ती त्यांनीच निर्माण केली, हे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

भारतात आकाशवाणीवरील बाजारभाव श्रोत्यांच्या परिचयाचे होते. राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ मध्ये व मुंबई शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणकाच्या पडद्यावरील सौदे सुरू झाले. दलाल स्ट्रीटवरील रिंगमधील आरडाओरडा थांबला आणि दिवसभराच्या बाजारवार्तेस आवश्यक तो क्षणोक्षणीचा भाव उपलब्ध झाला. डिसेंबर १९९९ मध्ये सीएनबीसीची भारतीय वाहिनी आली; हिंदी वाहिन्या २००४-०५ मध्ये निघाल्या. मे २००४ मधील लोकसभा निकालानंतर डाव्या पक्षांच्या नेत्यांची निर्गुंतवणुकीविरुद्धची विधाने वाहिन्यांवरून प्रसृत झाली. १७ मे रोजी बाजार एवढा कोसळला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. घसरणीमागे इतरही कारणे होती, तरी वाहिन्यांची पोच त्या वेळी प्रथमच सर्वांना जाणवली.

‘सेबी’ने २०१४ मध्ये संशोधन-विश्लेषकांसाठी नियमावली केली व जाहीर माध्यमांतून शिफारस करणाऱ्यांनाही तीत अंतर्भूत केले. १३ जानेवारी २०२१ च्या अंतरिम आदेशात सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकास बाजारात व्यवहार करण्यास मनाई केली आणि सु. २.९५ कोटी रुपये गोठविले. कार्यक्रमात ज्या शेअरांची शिफारस व्हावयाची, ते कुटुंबीयांच्या खात्यांतून आदल्या दिवशी घेऊन शिफारशीच्या दिवशी विकले जात, असा सेबीचा प्रथमदर्शनी निष्कर्ष होता. प्रेक्षकाला जेथे १५ सेकंदही पुरत नाहीत, तेथे पडद्याच्या आतील माणसापाशी पूर्ण एक दिवस होता.