आधी हवा काढा

२८ ऑक्टोबर १९५९. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेलेत. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, वॉलॉप्स बेटावर, कोटाची कॉलर वर करून तुम्ही उभे आहात. समुद्राकडून खारा वारा येतोय. सूर्य बुडालाय, वाळू काळवंडलीय. पण चारशे किलोमीटर उंचीवर अजून लख्ख ऊन आहे, आणि त्या उन्हात तुमचा फुगा उघडायचाय.

पाच चाळीसला रॉकेट सुटतं. त्याच्या टोकाशी ६७ सेंटिमीटरचा गोल डबा आणि त्यात ३०.५ मीटर व्यासाचा फुगा, घडी घालून. मायलर प्लॅस्टिकचा ०.०१२७ मिलिमीटरचा पापुद्रा, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. लँगली संशोधन केंद्रातल्या विल्यम ओसलिव्हन यांना असा फुगा कक्षेत सोडून वरच्या विरळ हवेची घनता मोजायची होती. बेल लॅबच्या जॉन पिअर्सना त्यात रेडिओ लहरींचा आरसा दिसला: एका किनाऱ्यावरून बोलावं, फुग्यावर आपटून आवाज दुसऱ्या किनाऱ्याला पोचावा. आज कक्षा गाठायची नाही. वर जायचं, उघडायचं आणि खाली यायचं, एवढंच.

तुम्ही मान वर करून बघताय. एक ठिणगी दिसते. मग दोन, दहा, आणि बघता बघता आभाळभर चांदीचा चुरा उधळल्यासारखा लुकलुकाट. किनाऱ्यावरच्या गावागावांत लोक अंगणात येतात, पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना फोन करतात. त्यांना तो चमत्कार वाटतो. तुमच्या पोटात मात्र खड्डा पडतो. फुगा अख्खा असता तर उजेड एकच दिसला असता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात या. कारण साधं आहे. तव्यावरच्या भाकरीत कोंडलेली वाफ भाकरीला टम्म फुगवते, आणि कुठे कड कच्ची असेल तर तिथून फसकन सुटते. फुग्याच्या घड्यांत हवा राहिली होती, तीच त्याला उघडेल अशा बेताने. डबा निर्वात अवकाशात दुभंगला, बाहेरचा दाब एकदम शून्यावर आला आणि आतली हवा अशी उसळली की पापुद्र्याला सावरायला वेळच मिळाला नाही. जमिनीवर हाच फुगा भरायला सुमारे १८ टन हवा लागते. नॉर्थ कॅरोलिनात वीक्सव्हिलच्या जुन्या वायुनौकांच्या प्रचंड शेडमध्ये तो चाचणीसाठी तासन्‌तास फुगवला जायचा, तेव्हा माणसं त्याच्यासमोर मुंग्यांएवढी दिसायची. वर मात्र फुंकरीएवढा वायू पुरतो. त्याहून जास्त असला की घात होतो.

तेव्हा तुमचं काम आता फुगवण्याचं नाही, रिकामं करण्याचं आहे.

हात लावून बघा. ८२ लांब पाकळ्या कडेला कड चिकटवून हा गोल बनलाय. घडी कशी घालायची यावर आधी महिनेच्या महिने गेलेत. लँगलीतल्या एड किलगोर यांना ती एका पावसाळी रात्री सुचली: त्यांच्या पत्नीने पर्समधून प्लॅस्टिकची पावसाळी टोपी काढली, आणि चिमूटभर पट्टीची बघता बघता डोकंभर टोपी झाली. नऊवारीच्या निऱ्या घातल्यासारख्या पाकळ्या एकीवर एक बसतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण घडी घालणाऱ्या हातांना असल्या कामात कुणी विचारत नाही, आणि इथे सगळं त्याच हातांवर अवलंबून होतं.

आता त्याच पापुद्र्याला तुम्ही बारीक भोकं पाडताय. तीनशेच्या वर. फुग्याला मुद्दाम भोकं! पण घडीत अडकलेल्या हवेला बाहेरची वाट हवी. मग डब्यातली हवा पंपाने ओढून घ्यायची. फुगवायला आत फक्त दोन भुकट्या: साडेचार किलो बेंझॉइक आम्ल आणि नऊ किलो अँथ्राक्विनोन. कपाटातली डांबरगोळी जशी न वितळता विरत जाते, तशा त्या उन्हाच्या उबेने थेट वायू होतात. पहिली चटकन, दुसरी सावकाश. सूक्ष्म उल्कांनी छिद्रं पाडली तरी दुसरी काही काळ दाब राखते.

हिवाळ्यात आणि वसंतात वॉलॉप्सवरून आणखी फुगे वर जातात. चुकत, दुरुस्त होत. १३ मे १९६०ला खराखुरा उपग्रह म्हणून पहिला फुगा निघतो. रॉकेटच दगा देतं आणि तो अटलांटिकमध्ये जातो.

१२ ऑगस्ट १९६०. केप कॅनाव्हेरलवरून पहाटे थॉर-डेल्टा रॉकेट उठतं. सोळाशे किलोमीटर उंचीवर डबा दुभंगतो. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनहून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा आधीच ध्वनिमुद्रित केलेला संदेश फुग्यावर आपटतो आणि न्यू जर्सीतल्या होमडेलच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात उतरतो. एको-१ नावाचा हा फुगा बोलू लागतो.

तुम्हाला मात्र ते ऐकायचं नाही. अंधार पडल्यावर अंगणात या आणि डोळे सरावू द्या. क्षितिजावरून एक तेजस्वी ठिपका निघालाय, विमानासारखा आवाज नाही, लुकलुक नाही. तुम्ही श्वास धरून तो मोजताय. डोक्यावर येतो, पुढे सरकतो, पूर्वेकडे उतरतो.

एकच आहे.