तळटीप : मनोरुग्ण आरोपी आणि न्यायालय
मनोरुग्ण आरोपींसाठी स्वतंत्र न्यायालय अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत १९९७ साली सुरू झाले. साताऱ्यात वा सांगलीत तसे न्यायालय नाही. इथे असा आरोपी नेहमीच्याच कोर्टात उभा राहतो. पुकारा झाला तरी त्याला आपले नाव कळत नाही, अशी शंका आल्यास दंडाधिकारी त्याला जिल्हा शल्यचिकित्सकाकडे तपासणीला पाठवतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६७). तो बचाव करण्यास असमर्थ ठरला तर खटला तहकूब होतो. आरोप मात्र डोक्यावर राहतोच. सांभाळण्याची हमी द्यायला घरचे पुढे आले तर सुटका होऊ शकते. ज्याचे कोणीच येत नाही त्याचे हाल आम्हाला सर्वांत गंभीर वाटतात : त्याला उपचारासाठी ठेवायचे तर जवळची सरकारी मनोरुग्णालये थेट येरवडा नि रत्नागिरीला. शिवाय तुरुंगातही त्याला ठेवणे अपेक्षित नाही : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, तुरुंगात एकही मनोरुग्ण नाही असे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीस मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला लेखी कळवायचे असते.