घरगुती चलच्चित्रें आणि संकलकाची कात्री

घरच्या मंडळींचें चलच्चित्र घेण्याची हौस चित्रपटाइतकीच जुनी आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें ल्युमिएर बंधूंनीं आपला पहिला जाहीर खेळ केला. त्यांतील एका चित्रांत ऑग्युस्त ल्युमिएर व त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीस भरवीत आहेत. तें चित्र पुरतें मिनिटभरहि नव्हतें. त्यास कात्री लावण्याचा प्रश्नच नव्हता. पुढें चित्रें लांबलीं आणि काय ठेवावें, काय गाळावें हा प्रश्न उभा राहिला. आज संगणकावर या कामासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, अशी पृच्छा पुष्कळ घरांतून होते. तिचें उत्तर या कात्रीच्या इतिहासांतच सांपडतें.

१९२३ सालीं कोडक कंपनीनें १६ मिलिमीटर रुंदीची फीत विक्रीस काढली. सिनेमागृहांतील नायट्रेटची फीत चटकन् पेट घेई. ही तशी नव्हती, म्हणून ती घरांत ठेवतां आली. १९३२ सालीं ८ मिलिमीटरची स्वस्त फीत आली. १६ मिलिमीटरच्या १०० फुटी रिळांत सुमारें ४ मिनिटांचें चित्र मावे. संकलन करणारानें नको तो तुकडा कापावा, टोकावरील लेप खरवडावा व दोन्ही टोकें विशिष्ट द्रवानें चिकटवावीं, अशी रीत होती. यांत जोखीम मोठी. घरगुती फितीस बहुधा निगेटिव्ह नसे. कॅमेऱ्यांतून निघालेली फीतच धुऊन पडद्यावर दाखवीत. एकदां तुकडा केराच्या टोपलींत गेला, कीं तो कायमचाच गेला.

१९८० नंतर चुंबकीय फितीचे कॅमेरे घरांत आले. ही फीत कापीत नसत; एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हवा तेवढाच भाग उतरवून घेत. मूळ शाबूत राही, परंतु प्रत्येक नकलेसरशी चित्राचा कस उतरे.

संगणकानें ही अडचण दूर केली. १९९१ सालीं अ‍ॅडोबचें प्रीमियर, १९९९ सालीं अ‍ॅपलचें आयमूव्ही व २००० सालीं मायक्रोसॉफ्टचें मूव्ही मेकर निघालें. हीं साधनें मूळ चित्रास हात लावीत नाहींत; कोठून आरंभ व कोठें शेवट एवढें टिपण तीं ठेवतात. चूक झाली तर टिपण बदलावें! मात्र तें टिपण सहसा ज्याचें त्यालाच वाचतां येतें. जानेवारी २०१७ मध्यें मूव्ही मेकरच्या त्या मालिकेचा पाठिंबा बंद झाला आणि अर्धीं राहिलेलीं कामें अडून पडण्याचा धोका निर्माण झाला. उलट १९३० सालची फीत आजहि दिव्यापुढें धरली तर आजोबांचा चेहरा ओळखूं येतो.

तेव्हां निवड करतांना नुसता अलंकारांचा थाट पाहूं नये. तयार चित्र एमपी-४ सारख्या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपांत निघतें काय? त्यावर कंपनीच्या नांवाचा शिक्का तर उमटत नाहीं ना? आपल्या संगणकास तें झेपतें काय? आयमूव्ही केवळ अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालतें. केडेनलाइव्ह व शॉटकट विनामूल्य असून विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतात. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्तीहि उत्तम आहे. परंतु तीस दमदार संगणक लागतो. यांतील कोणतेंहि घ्यावें; काम मात्र पुरें करून बाहेर काढावें आणि मूळ चित्रें दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपावीं.

इतिहास शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्याची एवढीच विनंती आहे. हलणारीं, अंधारीं दृश्यें खुशाल गाळा; परंतु कोपऱ्यांत भाकरी थापणारी आजी, दारापुढील रस्ता आणि मागून ऐकूं येणारी हांक गाळूं नका. आज जें निरुपयोगी वाटतें, तेंच आपलीं नातवंडें उद्यां शोधूं लागतील.