पायरीवरच्यांचा कागद

१९८०च्या दशकात इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये चार विभाग होते आणि क्लब होते ९२. लंडनहून निघणाऱ्या वर्तमानपत्रांना त्यांतले मोजकेच दिसत. लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड यांच्यावर रकानेच्या रकाने. ग्रिम्सबी किंवा गिलिंगहॅमच्या वाट्याला निकालाची एक ओळ, फार तर गोल करणाऱ्याचं नाव. गावातलं सायंदैनिक क्लबवर रोज लिहायचं, पण त्याच्या बातमीदाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच क्लबच्या दारात उभं राहायचं असे. अध्यक्षाला झोंबेल असं छापणं त्याला परवडत नसे. मैदानावर मिळणारी सामन्याची पुस्तिका तर क्लबच काढायचा. वर्षानुवर्षं एकाच पायरीवर उभं राहून संघ बघणाऱ्या माणसाचं म्हणणं छापणारं कुणीच नव्हतं. ती उणीव पाठीराख्यांनी स्वतःच काढलेल्या पत्रकानं, म्हणजे फॅनझिननं भरून काढली.

त्याचं कूळ मात्र फुटबॉलमधलं नाही. १९३० साली अमेरिकेत विज्ञानकथांच्या वाचकांनी ‘द कॉमेट’ नावाचं हौशी पत्रक काढलं. मासिकांतल्या वाचकांच्या पत्रव्यवहारातून ओळखी झालेली ही मंडळी. अशा पत्रकांना ‘फॅनझिन’ हे नाव मिळालं १९४० साली, रस शॉव्हने या अशाच एका चाहत्याकडून. मग १९७६च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या तरुण कारकुनानं पंक संगीतावर ‘स्निफिन् ग्लू’ काढलं. टंकयंत्रावर बडवलेला मजकूर, जाड पेनानं लिहिलेले मथळे, झेरॉक्स आणि स्टेपल. नीटनेटकेपणाची पर्वा नाही, परवानगीची तर मुळीच नाही. फुटबॉलच्या पाठीराख्यांनी ही रीत जशीच्या तशी उचलली. त्याआधी, १९७२मध्ये, केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ‘फाउल’ सुरू केलं होतं आणि ते चार वर्षं चाललं. धारदार होतं, पण ते एकूण फुटबॉलवर बोलायचं. एका क्लबचं दुखणं घेऊन बसणारं नव्हतं.

ते काम केलं ब्रॅडफर्डच्या ‘द सिटी जेंट’नं. नोव्हेंबर १९८४मध्ये त्याचा पहिला अंक निघाला. बोलर हॅट घातलेल्या गृहस्थाचं क्लबचं एक जुनं चित्र होतं, नाव त्याच्यावरून घेतलेलं. ब्रॅडफर्ड सिटी तेव्हा तिसऱ्या विभागात होता आणि वर्षभर आधी दिवाळखोरीतून कसाबसा वाचला होता. पुढं काय येणार आहे याची अंक काढणाऱ्यांना कल्पना असणं शक्यच नव्हतं.

११ मे १९८५ रोजी तिसऱ्या विभागाचं विजेतेपद साजरं करायला हजारो लोक व्हॅली परेड मैदानावर जमले होते. मध्यंतराच्या जरा आधी लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षं साठलेल्या कचऱ्याला आग लागली आणि काही मिनिटांत अख्खा स्टँड पेटला. ५६ माणसं गेली. आठ दिवसांनी ‘संडे टाइम्स’नं अग्रलेखात फुटबॉलला झोपडपट्टीतला खेळ म्हटलं आणि तो बघणाऱ्यांनाही त्याच मापानं मोजलं. माझ्या मते फॅनझिनची खरी गरज इथं कळते. देशातलं एक मातब्बर वृत्तपत्र नुकतीच माणसं गमावलेल्या लोकांबद्दल असं लिहीत होतं, आणि त्याच लोकांपाशी, त्यांनीच काढलेला एक कागद होता. पुढची दीड वर्षं संघ दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत फिरला आणि डिसेंबर १९८६मध्ये व्हॅली परेडवर परतला. त्या मधल्या काळात क्लबच्या माणसांना एकमेकांशी बोलायला ‘सिटी जेंट’ची पानं होती.

आग लागली त्याच महिन्याच्या, मे १९८५च्या, अखेरीला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर ३९ प्रेक्षक मेले. सरकारच्या लेखी प्रेक्षक म्हणजे गुंड, असं समीकरण पक्कं झालं आणि पुढं प्रत्येकाला ओळखपत्र सक्तीचं करण्याचा कायदाही आला. फॅनझिनचं पीक वाढलं ते या हवेत. मार्च १९८६मध्ये माइक टिचर आणि अँडी लायन्स यांनी ‘व्हेन सॅटरडे कम्स’ काढलं. ते कुठल्या एका क्लबचं नव्हतं. पण गावोगावच्या फॅनझिनना त्याच्यामुळं एकमेकांचा पत्ता लागला. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवर ‘स्पोर्ट्सपेजेस’ हे खेळाच्या पुस्तकांचं दुकान होतं. तिथं ही पत्रकं रांगेनं मांडलेली असत. दशक संपता संपता त्यांची संख्या शेकड्यांत गेली.

नावं बघावीत त्यांची. ग्रिम्सबी हे मासेमारीचं बंदर, म्हणून तिथलं ‘सिंग व्हेन वी आर फिशिंग’. मिडल्सब्रोचं ‘फ्लाय मी टू द मून’ तर मला फार आवडतं. १९८६मध्ये तो क्लब इतका बुडाला होता की मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं आणि हंगामाचा पहिला सामना शेजारच्या हार्टलपूलला खेळावा लागला. प्रशिक्षक ब्रूस रिऑक त्या दिवसांतल्या आपल्या कर्णधाराबद्दल, टोनी मोब्रेबद्दल, म्हणाला होता की चंद्रावर जायची वेळ आली तर सोबत यालाच नेईन. पाठीराख्यांनी नाव तिथून घेतलं. बाहेरच्याला त्यातलं काही कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नव्हती. अंक त्या गावासाठी होता.

सगळंच वाचनीय नसे. चिडचिड, कुचाळक्या, शेजारच्या क्लबला शिव्या हेही भरपूर छापलं गेलं. पण त्याच काळात मैदानांबाहेर वंशद्वेषी नॅशनल फ्रंटचं ‘बुलडॉग’ विकलं जात होतं, आणि लीड्सच्या पाठीराख्यांनी त्याला ‘मार्चिंग ऑलटुगेदर’ काढून त्याच फुटपाथवर उभं राहून उत्तर दिलं, हेही नोंदवायला हवं.

या कागदाचं बळ सर्वांत स्पष्ट दिसलं आग्नेय लंडनच्या चार्ल्टनमध्ये. ‘द व्हॅली’ हे त्यांचं मैदान; १९३८ साली तिथं एका सामन्याला ७५,०३१ लोक आले होते. सप्टेंबर १९८५मध्ये क्लबनं ते सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाड्यानं बिऱ्हाड केलं. पाठीराख्यांना हे कळलं ते हातात पडलेल्या पत्रकातून. गंमत नव्हे, खंतच वाटावी अशी गोष्ट म्हणजे पुढच्याच वर्षी संघ पहिल्या विभागात चढला आणि ते यश बघायला स्वतःचं मैदान नव्हतं.

फेब्रुवारी १९८८मध्ये रिक एव्हरिट यांनी ‘व्हॉइस ऑफ द व्हॅली’ सुरू केलं. राग सगळ्यांच्याच मनात होता. या अंकानं त्याला तपशील पुरवले. जमीन कुणाची, परवानगी कुणाकडे अडली, संचालक काय बोलले आणि काय केलं. १९८९मध्ये परतण्याची घोषणा झाली, तेव्हा माणसं स्वतः जाऊन पायऱ्यांवर माजलेलं रान साफ करून आली. जानेवारी १९९०मध्ये ग्रीनिच नगरपालिकेनं मैदानाचा आराखडा फेटाळला. मग पाठीराख्यांनी ‘व्हॅली पार्टी’ हा पक्षच काढला. मे महिन्याच्या पालिका निवडणुकीत ६० उमेदवार उभे राहिले आणि त्यांना १४,८३८ मतं पडली. एकही जागा मिळाली नाही, पण नगरसेवकांना जे समजायचं ते समजलं. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. ५ डिसेंबर १९९२ रोजी चार्ल्टन व्हॅलीवर परतला आणि कॉलिन वॉल्शच्या गोलनं पोर्ट्समथला १-० हरवलं.

एव्हरिट पुढं क्लबमध्येच नोकरीला लागले. फॅनझिन बंद पडलं, इतरही बरीच बंद पडली. लोक फोनवर वाचू लागले. क्लब सोडल्यावर एव्हरिट यांनी आपलं फॅनझिन पुन्हा छापायला घेतलं. २०१४मध्ये बेल्जियन उद्योगपती रोलाँ दुशातले यांनी चार्ल्टन विकत घेतला आणि पाठीराख्यांशी त्यांचं बिनसत गेलं. ऑक्टोबर २०१६मध्ये चार्ल्टन आणि कॉव्हेंट्री यांच्या सामन्यात दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या मालकांच्या निषेधार्थ प्लॅस्टिकची शेकडो छोटी डुकरं मैदानावर फेकली. खेळ थांबला आणि ती चित्रं सगळीकडं झळकली. ती डुकरं फेकायची वेळ का आली, हे सविस्तर वाचायचं तर ‘व्हॉइस ऑफ द व्हॅली’चा अंक विकत घ्यावा लागत होता.