महाविद्यालयीन प्रवेश : देणगी, नातेसंबंध आणि कायदा

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जयनगर परिसरात अनेक महाविद्यालये आहेत. बारावीचे निकाल जाहीर होताच येथील पालकांमध्ये सीईटीतील क्रमांकाबरोबरच 'मॅनेजमेंट कोटा' आणि 'डोनेशन' यांचीही चर्चा सुरू होते. गुणवत्तेच्या बळावर न मिळालेली जागा पैशाच्या किंवा नात्याच्या आधारे मिळावी काय, हा या चर्चेमागील मूळ प्रश्न असून कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतून तो वेळोवेळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे.

देणगीवर बंदी

निर्धारित शुल्कापेक्षा अधिक घेतलेली रक्कम, मग तिला कोणतेही नाव दिलेले असो, 'कॅपिटेशन शुल्क' ठरवून कर्नाटकने १९८४ च्या कायद्याने तिला मनाई केली. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली होती. त्या राज्यानेही १९८७ मध्ये असाच कायदा केला.

मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला या संदर्भात महत्त्वाचा ठरला. कर्नाटक शासनाच्या १९८९ च्या अधिसूचनेनुसार खासगी वैद्यकीय महाविद्यालयांतील शासकीय जागांसाठी वार्षिक २,००० रुपये, राज्यातील अन्य विद्यार्थ्यांसाठी २५,००० रुपये, तर परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० रुपये शुल्क होते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन शुल्क घटनाबाह्य ठरवले. पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात खासगी संस्थांना व्यापक स्वायत्तता मिळाली. नफेखोरी आणि कॅपिटेशन शुल्क यांवरील बंदी मात्र कायम राहिली.

अनिवासी भारतीय कोटा

पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने अनिवासी भारतीयांसाठी कमाल १५ टक्के जागांना मुभा दिली. या जागा खऱ्या अनिवासी भारतीयांच्या मुलांसाठी वा पाल्यांसाठीच असाव्यात आणि त्या भरतानाही गुणवत्ता डावलली जाऊ नये, असे न्यायालयाने बजावले. पंजाब शासनाने २०२४ मध्ये या कोट्याची व्याप्ती काका, मामा, आत्या, मावशी अशा नातेवाइकांपर्यंत वाढवली. उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्याचे अपील फेटाळले.

अमेरिकेतील स्थिती

अमेरिकेतील अनेक खासगी विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्याची जुनी प्रथा आहे. भारतात जो व्यवहार कायद्याने निषिद्ध आहे, त्याच्याशी मिळतीजुळती सवलत तेथे दीर्घकाळ उघडपणे दिली गेली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१४ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य बंद केले. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी महाविद्यालयांतही अशा दोन्ही सवलतींना मनाई केली. तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.

उरलेला प्रश्न

भारतात खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी २०१६ पासून 'नीट' परीक्षा अनिवार्य आहे. त्यामुळे पात्रतेशिवाय जागा मिळण्याचा मार्ग बराचसा बंद झाला. तथापि, व्यवस्थापन आणि अनिवासी भारतीय कोट्यांचे अधिकृत शुल्कच शासकीय जागांच्या अनेक पट असते. ते न परवडल्याने वरच्या क्रमांकाचा विद्यार्थी मागे हटतो आणि ती जागा खालच्या क्रमांकाच्या, परंतु सधन कुटुंबातील विद्यार्थ्याला मिळते. या व्यवहारात कोणताही कायदा मोडला जात नाही.