सात फटी, नऊ फटी

जयपूरला पोस्टिंग आल्यापासून ठरवलं होतं की जुन्या गाड्यांचा मेळा चुकवायचा नाही. यंदा रविवार मोकळा मिळाला आणि मुलीला घेऊन जयमहाल पॅलेसच्या हिरवळीवर पोचलो. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉईस, ब्यूक, एमजी, सगळ्या एका रांगेत चकचकीत उभ्या. मुलगी त्यांच्यात रमली. माझे पाय मात्र टोकाला उभ्या असलेल्या हिरव्या जीपकडे वळले. नोकरीचा परिणाम, दुसरं काय!

बॉनेटवर मोठा पांढरा तारा. पुढे इंग्रजी फलक : ‘विलीज, १९४४, बर्मा आघाडी.’ मालक चाळिशीचे, हौशी, बोलायला गोड. ‘कर्नलसाब, बैठिए ना, फोटो लीजिए.’

बसलो आणि तिथेच घोटाळा लक्षात आला. स्टिअरिंग उजवीकडे होतं. महायुद्धातली विलीज जीप डाव्या बाजूने चालवायची. उतरून पुढून पाहिलं. बॉनेट नको तेवढं उंच. समोरच्या जाळीला नऊ उभ्या फटी होत्या, पण त्या पत्र्यावर वेल्डिंगचे डाग ताजे होते. मूळची सात फटींची जाळी काढून ही बसवलेली. युद्धातल्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर उलटे फिरतात, म्हणजे रात्री इंजिनवर उजेड पाडून दुरुस्ती करता येते. हे हलेचनात. मागे उघडणारं फळकं, तेही युद्धातल्या गाडीला नसे. थोडक्यात, ही महिंद्राची सीजे-३बी होती. आपल्या मुंबईची लेक, अमेरिकन गणवेशात!

नक्कल म्हणजे फसवणूक, असं मी मानत नाही. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत सगळ्या गाड्यांच्या पुढे एक ‘पेस कार’ धावते आणि वेग जमला की बाजूला होते. १९११ पासूनची ही पद्धत. १९७८ साली हा मान शेवरोलेच्या कॉर्व्हेटला मिळाला, तेव्हा कंपनीने स्वतःच तशाच काळ्या-रुपेरी ६,५०२ गाड्या विकायला काढल्या. त्या शर्यतीत धावलेल्या नाहीत हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, विकणारा तसं लिहून देतो आणि तरीही लोक त्या जिवापाड जपतात. सगळा फरक त्या लिहून देण्यात आहे.

जीपचा जन्म घाईतला. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने १३५ कारखान्यांकडे मागणी पाठवली : हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी आणि नमुना ४९ दिवसांत. बॅन्टम या लहानशा कंपनीने तो वेळेत दिला, पण मोठी ऑर्डर मिळाली विलीज आणि फोर्डला. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. बिचारी बॅन्टम ट्रेलर बनवत बसली. (खरेदीच्या फायली हाताळलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.)

युद्धानंतर, १९४७ पासून, महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे इथेच बनलेली सीजे-३बी आपल्या फौजेत इतकी मुरली की तिला परकी म्हणणं अवघड. १९६५ मध्ये असल उत्तरच्या उसाच्या शेतांत चौथ्या ग्रेनेडिअर्सच्या अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेनेच. पत्र्याची गाडी पोलादी रणगाड्यासमोर, विचार करा.

आणि जयपूरकराला तर बर्माला जायचीही गरज नाही. डिसेंबर १९७१ मध्ये दहाव्या पॅरा कमांडोचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल भवानीसिंह. दीड वर्षापूर्वी, जून १९७० मध्ये, वडील सवाई मानसिंह इंग्लंडमध्ये पोलो खेळताना वारले आणि हे जयपूरच्या गादीवर आले होते. त्यांच्या कमांडोंनी मशीनगन बसवलेल्या जीप आणि जोंगा घेऊन थरच्या वाळूतून रात्री सीमा ओलांडली, सिंधमध्ये खोलवर शिरून चाचरोवर छापा घातला, मग वीरावाहवर. वाळूत चाक रुतलं की माणसांनी उतरून ढकलायचं, दिवा लावायचा नाही. भवानीसिंहांना महावीरचक्र मिळालं. त्याच महिन्यात, २८ डिसेंबरला, २६ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि संस्थानिकांचे तनखे व पदव्या संपल्या. राजेपण गेलं, चक्र राहिलं. जिंकलेला मुलूख शिमला करारानंतर परत दिला गेला. तो विषय मेसमध्ये निघाला की आजही जेवण थंड होतं.

मालकांना बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. चेहरा उतरला. ‘मतलब नकली है?’

‘गाडी असली आहे, फलक नकली आहे,’ मी म्हणालो. बर्मात आपली माणसं मेली आहेत. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ तिथून आलेच नाहीत. त्यांच्या नावावर चार फोटो काढले जावेत, हे मला जमत नाही.

ते थोडे चिडले. चिडणारच, रंगाला आणि त्या ताऱ्याला पैसे पडले होते. मग विचारलं, ‘तो चाचरो लिख दूँ?’

‘नाही! ही गाडी चाचरोला गेली होती याला पुरावा काय? “१९७१ च्या लष्करी जीपची प्रतिकृती, महिंद्रा” एवढंच लिहा.’

बाजूला एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून ऐकत होते. मिशांवरूनच फौजी. एकाहत्तरला बाडमेरकडे गाडी चालवत होतो, म्हणाले. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, टायर काठीने ठोकले, मागे वाकून पाहिलं.

‘पानी के कॅन कहाँ हैं?’

खरंच नव्हते. पेट्रोलचा एक कॅन होता, छान रंगवलेला. थरच्या वाळूत निघालेल्या गाडीत पाणी नाही, हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं. मी सात आणि नऊ फटी मोजत बसलो होतो.

परवा मालकांचा फोन आला. तारा खरवडला आहे. पाण्याचे जुने कॅन कुठे मिळतील, विचारत होते. आमच्या एमटी हवालदाराला भंगार बाजारातली दोन दुकानं ठाऊक आहेत. रविवारी तिघे मिळून जाणार आहोत.